बिनकिल्लीचं कुलूप

४ जानेवारी

चिमणे,

दुकानात बसून लिहितोय. घरी लिहायला घेतलं की तुझी मामी खांद्यावरून वाचते आणि वाचता वाचता दुरुस्त्या सांगते. फोनचं तर नावच काढू नकोस. घरात फोन एक, तो तिच्या हातात, आणि मी 'हॅलो' म्हणेपर्यंत तिचं अर्धं बोलून झालेलं असतं. तेव्हा उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर धाड.

आधी बातमी. मामीला डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलंय. घाबरू नकोस, ती अजिबात घाबरलेली नाही. पहिल्या दिवशी तिने सुई हातात घेतली, मी डोळे मिटले, आणि उघडतो तर बाई टोचून मोकळी! वर मलाच विचारते, "अहो, पाणी देऊ का तुम्हाला?"

पण खरी गंमत पुढेच आहे. मी शोध लावलाय, शोध! त्या इंजेक्शनची सुई काय बारीक असते गं! मामीचं वापरून झालेलं एक उचललं, त्यात मशीनचं तेल भरलं आणि शेजारच्या केमिस्टच्या कुलपात सोडलं. तेल जिथे जायला हवं तिथेच गेलं, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. वर्षानुवर्षं कुरकुरणारं ते खडूस कुलूप एका बोटाने फिरलं! केमिस्ट बघतच राहिला. आणि मी जन्मभर पिसाने आणि वातीने तेल घालत बसलो. आता चांगल्या चांगल्या सुया मी दुकानात एका कपात जमवतोय, उरलेल्या जातात कचऱ्यात.

बाकी मामी तशीच. काल बाहेर निघताना मी दाराला माझ्या हातचं कुलूप लावलं, तर तिने माझ्यादेखत ते तीनदा ओढून बघितलं. सगळं गाव माझ्या कुलपाच्या भरवशावर झोपतं, आणि माझ्या घरात माझा हा मान! दागिनेसुद्धा कपाटात ठेवत नाही. म्हणते, कुलूप लावलं की चोराला कळतं आत काहीतरी आहे. आता काय बोलायचं या बाईपुढे?

शोध कसा वाटला ते लगेच कळव.

मामा

११ जानेवारी

मामा,

तुझा शोध वाचला आणि हातातला चहा टेबलभर सांडला. इथे हॉस्पिटलच्या औषध विभागात बसून दिवसभर मी लोकांना जे करू नका म्हणून कानीकपाळी ओरडते, ते सगळं माझ्या सख्ख्या मामाने एका कपात जमवून ठेवलंय!

आता ऐक आणि वाद घालू नकोस. वापरलेल्या सुईत रक्त राहतं. डोळ्यांना दिसत नाही, पण राहतं. ती दुसऱ्याला टोचली तर एकाचा आजार दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतो. मामीला असलं काही नाही म्हणशील. पण ज्याला टोचेल त्याला ते कुठे ठाऊक? त्याची झोप उडालीच ना!

तेव्हा तेल बंद. आजपासून. कपात बोटं घालून सुया वेचत बसू नकोस, तो तसाच उचल आणि जाड प्लास्टिकच्या बाटलीत अलगद उपडा कर. कपडे धुवायच्या पातळ साबणाची असते ना, तसली बाटली. यापुढे मामीने टोचलं की सुई थेट त्या बाटलीत. वाकवायची नाही, मोडायची नाही, टोपण परत बसवायला जायचं नाही, त्यातच बोटाला लागतं. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट, वर चिकटपट्टी, आणि 'वापरलेल्या सुया' असं ठळक लिहायचं. मग ती बाटली जिथे अशा वस्तू घेतात तिथे द्यायची. तुमच्याकडे कुठे घेतात याची चौकशी कर.

आणि "उरलेल्या जातात कचऱ्यात" हे काय लिहिलंयस? तो कचरा कुणीतरी हाताने उचलतं, मामा.

तुझी तापलेली,
चिमणी

२४ जानेवारी

चिमणे,

तुझ्या पत्रावर मी रुसून बसलो होतो, खोटं कशाला सांगू. म्हटलं, कालची पोर मला शिकवते! पण रुसवा फार टिकला नाही. टिकावा असं काही राहिलंच नाही.

आपल्या गल्लीतला कचरा नेणाऱ्या मावशी आठवतात ना, तुला लहानपणी ढकलगाडीवर बसवून कोपऱ्यापर्यंत न्यायच्या त्या? परवा पिशवी उचलताना त्यांच्या तळहातात सुई घुसली. पिशवी आमच्या जिन्याखालची. मी कुणाकडे चौकशी केली नाही. मावशींना घेऊन तडक दवाखान्यात गेलो, सुई आमचीच असणार म्हणून सांगितलं, आणि मामीचंही रक्त तपासून घेतलं. मामीचं सगळं ठीक निघालं. मावशींना डॉक्टरांनी औषध दिलं, पुन्हा पुन्हा तपासायला बोलावलंय. परत येताना त्या म्हणाल्या, "आता पिशवीला हात लावताना छातीत धडधडतं हो." मला मान वर करवेना. मामीने घरी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, कागद जळेल.

पण आता पुढचं ऐक! चौकशी केली. आपल्याकडे सुया कुठेच घेत नाहीत! फक्त दवाखान्यांचा असला कचरा न्यायला महिन्यातून एकदा एक बंद गाडी येते. त्या गाडीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, पक्की बंद करून द्या, साहेबांची परवानगी मी आणतो, थेट भट्टीत जाईल. केमिस्ट म्हणाला, पेटी माझ्या दुकानात ठेवा, पण ती कुणाला उघडता आली तर माझी मान अडकेल. पेटी हवी! पक्की हवी! आणि हे दोघं कुणाला सांगतायत? मला! मी दोघांना चहा पाजला.

एकच अडचण आहे. जन्मभर मी उघडणारी कुलपं केली. न उघडणारं कसं करायचं असतं? तुमच्याकडे काय पद्धत आहे ते सविस्तर लिही.

मामा

१ फेब्रुवारी

मामा, मामा, मामा!

तुझं पत्र मी आमच्या अख्ख्या विभागाला वाचून दाखवलं. तापलेली चिमणी आता गार झाली आहे. मावशींना घेऊन तू स्वतः गेलास, आमची सुई आहे असं सरळ सांगितलंस, हे वाचून मला भरून आलं. असं सांगणारे फार थोडे असतात रे.

आता पेटी. दोन कप्पे कर, एक सुयांच्या बाटल्यांना, एक औषधांना. हो, जुनी औषधंही घ्या! लोक ती मोरीत ओततात, संडासात टाकतात, ते सगळं शेवटी पाण्यात जातं. नाहीतर घरात साठवतात आणि एखादं पोर गोळी म्हणून तोंडात टाकतं. घराघरातून मुदत संपलेलं सगळं बाहेर काढायला लावा. सुरुवात तुझ्या घरापासून.

आणि मुख्य नियम. आत गेलेलं बाहेर येता कामा नये. चोराला नाही, केमिस्टला नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुलाही नाही. कुणी येऊन रडलं, माझी वस्तू पडली म्हणालं, तरी हात आत जाणार नाही. आमच्याकडे यात कुणालाही सवलत नाही.

आता बस. बसलास? मी लग्न ठरवलंय! एप्रिलमध्ये, नोंदणी कार्यालयात, सह्या करून. तो आमच्याकडे एक्सरे काढतो. माणसाच्या आरपार बघायची सवय आहे, तरी माझ्याशी लग्नाला तयार झाला. मामीला आज फोन करून सांगतेच आहे, पण तुला आधी पत्रात. तुम्ही दोघं नसता तर आई गेल्यावर माझं काय झालं असतं, हे मी कधी बोलत नाही. आज लिहिते.

चिमणी

१९ फेब्रुवारी

चिमणे!

लग्न! एक्सरेवाला! मी दुकान अर्धं उघडं टाकून घरी धावलो, तर मामीने दारातच सांगितलं, "मला कळलंय, धापा टाकू नका." या बाईला नवी बातमी देण्याचं सुख माझ्या नशिबात नाही.

पण पेटी! अगं, काय झालीय पेटी! बाहेरून लोखंडी, कंबरेएवढी, भिंतीला बोल्टने पक्की. आत दोन जाड प्लास्टिकचे पिंप. तोंडाला उलटणारी झडप, वस्तू ठेवायची, झडप लोटायची, की धप्पकन आत, आणि हात मनगटापुढे जातच नाही. गाडीवाला त्याच्याकडच्या किल्लीने बाजूचं दार उघडतो तेव्हा पिंपाच्या तोंडावर पोलादी पडदा पडतो आणि आपोआप कुलूप बसतं. त्या कुलपाला किल्लीचं भोकच नाही! चाळीसेक वर्षांत मी केलेलं पहिलं बिनकिल्लीचं कुलूप. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं, जेवताना मामीने दोनदा ताट सरकवलं तरी कळलं नाही.

रविवारी सुरुवात केली. पहिली बाटली मावशींच्या हातून टाकली. त्यांनी झडप लोटली, आत धप्प झालं, आणि त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "परत निघणार नाही ना?" मी सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं, "मावशी, ब्रह्मदेव आला तरी नाही, आणि मी आलो तरी नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग जी झुंबड उडाली! पिशव्या भरभरून औषधं. एका मास्तरांनी आपल्या कुत्र्याची औषधं आणली, कुत्रा जाऊन किती काळ झाला असेल कोण जाणे. काहींनी घाईत सुया औषधांच्या कप्प्यात टाकल्या, मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

आणि सुरुवात माझ्या घरापासून, तू म्हणाली होतीस ना? आदल्या दिवशी मी घरातला कोपरा न् कोपरा साफ केला. एक डबी ठेवली नाही, एक ट्यूब ठेवली नाही!

तुझ्यासाठी लग्नाची भेटही पाठवलीय. शिसवी पेटी, पितळी कुलूप, दोन्ही माझ्या हातचं. बांधून मामीने दिली, मला जवळ फिरकू दिलं नाही, म्हणाली, तुम्ही तुमच्या त्या पिंपाकडे बघा. किल्ली तिच्याकडे आहे, लग्नाला येताना आणेल. आत काही नाही, उगाच हलवत बसू नकोस.

मामा

२७ फेब्रुवारी

मामा,

ब्रह्मदेव आला तरी नाही! हे वाक्य आम्ही इथल्या पेटीवर लिहून चिकटवलंय. तुझ्या पडद्याचं चित्र काढून पाठव, आमचे साहेब मागे लागलेत.

तुझी भेट पोचली. इतकी सुंदर आहे की एक्सरेवाल्याने आधी तिलाच बघितलं, मग मला. हलवून बघितलीच, अर्थातच. काही वाजलं नाही. त्याने हेअरपिन घालून उघडायचा प्रयत्न केला, पिन वाकडी झाली, कुलूप ढिम्म. पण मामा, तिला कसलं उग्र तेल लावलंयस? माझ्या कपड्यांच्या कपाटाला वास लागलाय.

एक मागायचं होतं. आईचे मोत्याचे डूल मामीने माझ्यासाठी जपून ठेवलेत ना? सह्या करायला जाताना तेवढेच घालणार आहे. दुसरं काही नको. आईचं माझ्याकडे दुसरं काही नाहीच. मामीला म्हणावं, येताना विसरू नकोस.

चिमणी

७ मार्च

चिमणे,

कसं लिहू कळत नाही. लिहितो.

काही वर्षांपूर्वी मामीचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा तिला आत नेताना तिने माझा हात धरून सांगितलं होतं, "माझं काही बरंवाईट झालं तर चिमणीच्या आईचे डूल तुमच्या वडिलांच्या मलमाच्या डबीत आहेत. चोर सोनं नेईल, सांधेदुखीचं मलम कशाला नेईल?" ती बरी होऊन आली आणि मी ते साफ विसरलो. तुझं पत्र वाचलं तेव्हा आठवलं. ती डबी मी टाकली गं! माझ्या हाताने, झडप लोटून! तिच्यावरची तारीख बघून हसलोसुद्धा.

मामीला अजून कळलेलं नाही. ती मजेत तुझ्या लग्नाची बॅग भरतेय. माझ्या बहिणीची तेवढीच वस्तू होती, आणि ती मीच घालवली. चोर परवडला.

परवा गाडी येणार. एकदा पिंप भट्टीत गेलं की संपलं. त्याच्याआधी, चिमणे, मी ते उघडू शकतो. भोक नाही हे खरं, पण ज्याने केलं त्याला रिव्हेट कुठे आहेत ते माहीत असतं. केमिस्ट दुकान उघडतो तेव्हा सकाळी गल्लीत कुणी नसतं. जाड हातमोजे घालीन. तुझा नियम मला पाठ आहे. पण तो तू केलास तेव्हा आत तुझ्या आईचे डूल नव्हते. तुझं उत्तर येईपर्यंत गाडी येऊन गेलेली असेल, तेव्हा जे करायचं ते मलाच ठरवायचंय.

घरी फोन करू नकोस. तुला माझी शपथ.

मामा

९ मार्च

चिमणे,

गाडी गेली. डूल गेले.

सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन पोचलो. केमिस्टला सांगितलं, झडप जरा कुरकुरते, बघतो. खोटं बोललो. पेटीसमोर बसून पहिल्या रिव्हेटवर छिन्नी टेकवली, तेवढ्यात मागून मावशी आल्या, ढकलगाडी घेऊन. हातात कागद होता. तपासणी चांगली आलीय, अजून एकदा जायचंय, पण डॉक्टर म्हणाले काळजी नाही. मला दाखवायला धावत आल्या होत्या. मग त्यांचं लक्ष छिन्नीकडे गेलं. म्हणाल्या, "काय झालं हो? उघडली का ती?"

बाई एवढंच म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा, चिमणे! ज्या हाताला सुई लागली होती तो हात त्यांनी मागे घेतला. मी म्हटलं, "नाही मावशी, उघडत नाही. तेच बघत होतो." त्यांनी पेटीवर थाप मारली, "ही आहे म्हणून आता पिशवी बिनधास्त उचलते मी," असं म्हणाल्या आणि गेल्या.

मी छिन्नी पिशवीत टाकली. गाडी आली, पडदा पडला, खट्ट वाजलं. इतकं सुंदर वाजलं, आणि मी केमिस्टच्या बाकावर बसून लहान पोरासारखा रडलो. मला माफ कर. तुझ्या आईची माफी कशी मागू ते कळत नाही. मामीला आज सांगणार होतो, हिंमत झाली नाही.

मामा

१४ मार्च

अरे माझ्या वेड्या मामा!!!

दोन्ही पत्रं एकदम मिळाली. पहिलं उभ्यानेच वाचलं आणि किंचाळले, "हात घालू नकोस!" शेजारचे धावत आले. दुसरं वाचून रडले. डुलांसाठी नाही रे. तू हात घातला नाहीस म्हणून. डूल घालून मामाशिवाय सह्या करायच्या होत्या का मी?

आणि मग रडता रडता नाक पुसायला कपाटातून रुमाल काढला, तर त्याला तो वास. उग्र. ओळखीचा. तेलाचा नाही, मामा. आजोबा गुडघ्याला चोळायचे त्याचा! पेटी उचलून नाकाला लावली. मलम!

तुझी शपथ मोडली. लगेच मामीला फोन लावला. तुझ्या भट्टीचं काही बोलले नाही, फक्त विचारलं, "मामी, पेटीत काय आहे?" तर म्हणाली, "भोचक कार्टी! सहीच्या दिवशी उघडायची होती. तुझ्या आईचे डूल आहेत, कापसात गुंडाळलेत. तुझे मामा औषधं साफ करायला निघाले म्हटल्यावर आधी ते डबीतून काढले. हा माणूस एकदा पेटला की मागे काही ठेवतो का?"

मी म्हटलं, "मग कपाटात ठेवायचेस. पोस्टाने पाठवलेस? हरवले असते म्हणजे?"

तर मामी काय म्हणाली ते शब्द न् शब्द लिहिते. "हरवतील कसे? यांचं कुलूप लावलंय ना त्याला. यांचं कुलूप आजवर कुणाला उघडलंय?"

मामा, मग मी विचारलं, "अगं, मग रोज दाराचं कुलूप तीन तीनदा ओढून का बघतेस?" हसायला लागली. म्हणाली, "त्यांचं तोंड बघायला. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सहज ओढलं, तर काय फुगले होते! तेव्हापासून ओढते. सांगू नकोस हं त्यांना, नाहीतर डोक्यावर चढून बसतील."

मी सांगितलं. चढ डोक्यावर.

पेटी उघडलेली नाही. उघडत नाहीच. मामीने किल्ली आणली की उघडू.

चिमणी

२० मार्च

चिमणे,

तुझं पत्र वाचलं, दुकान बंद केलं आणि भर दुपारी घरी गेलो. मामी म्हणाली, "एवढ्या लवकर? बरं नाही का?" मी म्हटलं, ठीक आहे. मग सगळं सांगून टाकलं, डबी, छिन्नी, गाडी, रडलो ते. तिने कपाळावर हात मारला, मग पदराने माझंच तोंड पुसलं. म्हणाली, "विचारायचं नाही का मला? तोंड कुठे गेलं होतं?" तिला वाटतं मी एवढंच जाणतो. फोनवर ती तुला काय म्हणाली ते मला कळलंय, हे मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

संध्याकाळी तुझ्या लग्नाची खरेदी करायला बाहेर पडलो. मी दाराला कुलूप लावलं. ती पुढे झाली आणि ओढलं, एकदा, दोनदा. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. म्हणाली, "आज फुगला नाहीत ते?"

मी म्हटलं, "अजून एकदा राहिलं. ओढ."

मामा